ब्राझील

दक्षिण अमेरिका खंडातील क्षेत्रफळ व लोकसंख्या या दोन्ही दृष्टींनी सर्वांत मोठा देश. क्षेत्रफळ सु. ८५,१०,००० चौ. किमी. लोकसंख्या सु. २०.३१ कोटी (२०२२). विस्तार ५° १६' उ. ते ३३° ४५' द. अक्षांश आणि ३४° ४७' प. ते ७३° ५९' प. रेखांश यांदरम्यान. दक्षिणोत्तर लांबी सु. ४,३९५ किमी. व पूर्व-पश्चिम रुंदी सु. ४,३२० किमी. असून खंडाचा जवळजवळ निम्मा भाग या एका देशाने व्यापला आहे. याच्या उत्तरेस व्हेनेझुएला, गुयाना, सुरिनाम व फ्रेंच गियाना, वायव्येस कोलंबिया, पश्चिमेस पेरू व बोलिव्हिया, नैर्ऋत्येस पॅराग्वाय व अर्जेंटिना, दक्षिणेस यूरग्वाय व पूर्वेस अटलांटिक महासागर आहे. चिली व एक्वादोर वगळता खंडातील सर्व देशांशी याची सरहद्द भिडते. देशात २६ घटक राज्ये व एक संघीय जिल्हा आहे. ब्राझीलिया ही राजधानी असून साऊँ पाउलू हे सर्वांत मोठे शहर (लोकसंख्या सु. १.१५ कोटी – २०२२) आहे. पोर्तुगीज ही राष्ट्रभाषा होय.

ब्राझीलचा इतिहास हा बव्हंशी एकामागून एक आलेल्या निर्यातवस्तूंचा इतिहास आहे. रंगाचे लाकूड, साखर, सोने, कॉफी, रबर व अलीकडे लोहखनिज आणि सोयाबीन यांनी देशाच्या एकेका प्रदेशाला भरभराटीचे दिवस दाखविले आणि त्यांतील बहुतेकांनी काही दशकांनी त्या प्रदेशांना ओस टाकले. वस्तू बदलल्या, तरी जमीन थोड्यांच्या हाती व श्रम इतरांचे, ही रचना मात्र फारशी बदलली नाही. देशाच्या विस्तीर्ण भूमीत ज्यांनी कष्ट केले त्यांना त्या भूमीत व राज्यकारभारात वाटा कधी व कसा मिळाला, हाच ब्राझीलच्या सामाजिक इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

भूवर्णन : ॲमेझॉनचे खोरे, उत्तरेकडील गियाना उच्चभूमी, मध्य व पूर्वेकडील ब्राझीलची उच्चभूमी, नैर्ऋत्येकडील पांतानालचा दलदलीचा सखल प्रदेश आणि अरुंद किनारपट्टी असे देशाचे पाच प्राकृतिक विभाग पडतात. व्हेनेझुएलाच्या सीमेजवळील पीकू दा नेब्लीना (२,९९५ मी.) हे देशातील सर्वोच्च शिखर होय. अँडीजसारखी उत्तुंग पर्वतश्रेणी या देशात नाही. तथापि आग्नेय किनाऱ्याला समांतर जाणारी सेरा दू मार ही डोंगररांग समुद्राकडे कड्यासारखी उभी असून किनाऱ्यावरून अंतर्भागात जाण्यास तिचा शतकानुशतके अडसर होत आला.

या रचनेमुळे ब्राझीलच्या नद्यांची दिशा विलक्षण झाली आहे. साऊँ पाउलूजवळची त्येते नदी समुद्रापासून अवघ्या काही किलोमीटरांवर उगम पावते. परंतु समुद्राकडे पाठ फिरवून पश्चिमेस वाहत जाते आणि पाराना नदीस मिळते. सु. २,८०० किमी. लांबीची साऊँ फ्रांसीस्कू नदी बराच काळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे वाहून मगच पूर्वेस वळते. त्यामुळे किनाऱ्यावरील वसाहतींना अंतर्भागाशी जोडणारा सोपा जलमार्ग लाभला नाही व लोकवस्ती दीर्घकाळ किनाऱ्यालाच चिकटून राहिली. याला मोठा अपवाद ॲमेझॉनचा. समुद्रापासून सु. १,५०० किमी. आत असलेल्या मानाऊसपर्यंत सागरी जहाजे जाऊ शकतात. मानाऊसजवळ काळसर पाण्याची नेग्रू नदी व गढूळ पाण्याचा सोलिमोइंश हा मुख्य प्रवाह काही अंतर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. मदेरा, तापाझॉश व शिंगू या दक्षिणेकडून मिळणाऱ्या प्रमुख उपनद्या होत [→ ॲमेझॉन]. दक्षिणेकडील पाराना नदीवर पॅराग्वायशी १९७३ मध्ये झालेल्या करारान्वये बांधलेला इताइपू जलविद्युत् प्रकल्प १९८४ पासून कार्यान्वित असून त्याची विद्युत् निर्मितिक्षमता १४,००० मेवॉ. आहे.

हवामान व वनश्री : देशाचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधात मोडतो. ॲमेझॉन खोऱ्यात वर्षभर उष्ण व दमट हवा असून बऱ्याच भागांत २०० सेंमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो. मध्यवर्ती उच्चभूमीवर पावसाळा व कोरडा हिवाळा असे दोन स्पष्ट ऋतू आढळतात. दक्षिणेकडील राज्ये समशीतोष्ण असून तेथे हिवाळ्यात दहिवर पडते. जुलै १९७५ मधील तीव्र दहिवराने पाराना राज्यातील कॉफीचे मळे जवळजवळ संपूर्ण नष्ट केले.

ईशान्येकडील अंतर्भाग, म्हणजे ‘सेर्ताऊँ’, हा देशातील अवर्षणप्रवण प्रदेश होय. तेथील काटेरी, पानगळीच्या झुडपांच्या अरण्यास ‘काटिंगा’ म्हणतात. या तुपी शब्दाचा अर्थ ‘पांढरे रान’ असा असून उन्हाळ्यात निष्पर्ण झालेल्या झाडांच्या रंगावरून तो आला आहे. १८७७–७९ च्या दुष्काळात एकट्या सेआरा प्रांतात व आसपास लाखो माणसे अन्नान्नदशेने व देवीच्या साथीने मृत्युमुखी पडली. त्यांतून वाचलेल्या हजारोंना जहाजांत भरून ॲमेझॉनच्या रबराच्या रानांत पाठविण्यात आले. मध्यवर्ती पठारावर ‘सेरादू’ हा विरळ वृक्षांचा गवताळ प्रदेश पसरला आहे. पूर्व किनाऱ्यालगतचे अटलांटिक अरण्य ऊस, कॉफी व नागरीकरण यांच्यापुढे बव्हंशी नामशेष झाले. ॲमेझॉनचे वर्षावन जगातील सर्वांत मोठे असून त्याचा ब्राझीलमधील सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग तोडला गेला आहे.

इतिहास : पोर्तुगीज येण्यापूर्वी या प्रदेशात तुपी, ग्वारानी, झे इ. भाषाकुलांतील अनेक जमाती राहत होत्या. त्यांच्या तत्कालीन लोकसंख्येचे अंदाज साधारणतः २० ते ५० लाख असे भिन्न आहेत. किनाऱ्यावरील तुपी लोक कसावा, मका व रताळी पिकवीत आणि मासेमारी व शिकार करीत.

वास्को द गामा हिंदुस्थानचा जलमार्ग शोधून परतल्यावर पोर्तुगालच्या मानुएल राजाने पेद्रू आल्व्हारीश काब्राल याच्या नेतृत्वाखाली १३ जहाजांचा काफिला कालिकतकडे धाडला. हा काफिला अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे बराच दूर गेला व २२ एप्रिल १५०० रोजी सध्याच्या बाईआ राज्याच्या किनाऱ्यास लागला. दहा दिवसांच्या मुक्कामानंतर नव्या भूमीची वार्ता देण्यास एक जहाज मागे पाठवून काब्रालने हिंदुस्थानचा रस्ता धरला. स्पेन व पोर्तुगाल यांच्यातील तॉर्देसील्यासच्या तहानुसार (१४९४) ही भूमी पोर्तुगालच्या वाट्यास येत होती. मसाल्याच्या व्यापारापुढे तिचे महत्त्व प्रथम कोणास वाटले नाही. तांबडा रंग देणारे ‘पाऊ-ब्राझील’ हे लाकूड एवढीच तेथील विक्रेय वस्तू होती. त्यावरूनच देशाचे नाव पडले.

फ्रेंचांच्या हालचालींमुळे पोर्तुगालने वसाहतीकडे लक्ष दिले. मार्तीं आफाँसू द सोझा याने १५३२ मध्ये साऊँ व्हिसेंती ही पहिली स्थायी वसाहत स्थापिली. १५३४ पासून किनारा १५ वंशपरंपरागत जहागिऱ्यांत विभागून देण्यात आला. किनाऱ्यापासून पश्चिमेकडे तहाच्या काल्पनिक रेषेपर्यंत आखलेल्या या पट्ट्यांची रुंदी कित्येक कोस होती. त्यांपैकी थोड्याच यशस्वी झाल्या. परंतु मोठ्या प्रमाणावर भूमिदान करण्याची प्रथा मात्र रूढ झाली. १५४९ मध्ये तोमे द सोझा हा पहिला महाराज्यपाल म्हणून आला व त्याने साल्व्हादोर हे राजधानीचे नगर वसविले. त्याच्याबरोबर आलेल्या जेझुइट धर्मोपदेशकांनी १५५४ मध्ये साऊँ पाउलूची स्थापना केली. रीओ दे जानेरो १५६५ मध्ये वसले.

साखर व गुलामगिरी : पेर्नांबूकू व बाईआ येथील काळी, चिकण मृदा उसास मानवली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझील हा यूरोपला साखर पुरविणारा प्रमुख देश बनला. मळा, चरक, भट्ट्या, धन्याचा वाडा व गुलामांच्या चाळी मिळून ‘एंजेन्यू’ हे स्वयंपूर्ण एकक तयार होई. प्रथम मूळ रहिवाशांना गुलाम करण्यात आले; परंतु देवी, गोवर इ. साथींनी ते झपाट्याने मरू लागले व पुष्कळसे अंतर्भागात पळून गेले. तेव्हा आफ्रिकेतून गुलाम आणण्यास प्रारंभ झाला. सोळाव्या शतकापासून १८५० च्या दशकापर्यंत सु. ४८ लाख आफ्रिकन ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरले. अमेरिका खंडांत आणल्या गेलेल्या एकूण गुलामांपैकी ही संख्या ४० टक्क्यांहून अधिक असून इतक्या संख्येने ते अन्य कोणत्याही एका देशात आले नाहीत.

या व्यवस्थेस आरंभापासून प्रतिकार झाला. पळून गेलेल्या गुलामांच्या वसाहतींना ‘किलोंबू’ म्हणत. सध्याच्या आलागोआस राज्यातील पाल्मारेस ही त्यांपैकी सर्वांत मोठी वसाहत होय. सतराव्या शतकाचा बहुतेक काळ तिने डच व पोर्तुगीज या दोघांच्याही स्वाऱ्या परतविल्या. अखेरीस १६९४ मध्ये ती पाडाव झाली व तिचा नेता झूंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. हा दिवस आता राष्ट्रीय सुटीचा दिवस म्हणून पाळण्यात येतो. दरम्यान १६३० ते १६५४ या काळात ईशान्य किनारा डचांच्या ताब्यात होता. हुसकावले गेल्यावर डचांनी व इतरांनी कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे वाढविले आणि ब्राझीलच्या साखरेची मक्तेदारी संपली.

सोन्याचा काळ : साऊँ पाउलूच्या ‘बांदेरांतीस’ टोळ्या त्येतेसारख्या अंतर्भागाकडे वाहणाऱ्या नद्यांच्या वाटेने गुलाम व मौल्यवान धातू यांच्या शोधार्थ दूरवर जात. त्यांनी असंख्य वस्त्या उद्ध्वस्त केल्या. तथापि देशाच्या सीमा तॉर्देसील्यासच्या रेषेपलीकडे गेल्या त्याही त्यांच्यामुळेच. १६९० च्या दशकात मीनास झिराइस प्रदेशात सोने व १७२० च्या दशकात हिरे सापडले. व्हीला रीका (सध्याचे ओरू प्रेतू) हे नगर डोंगरांत उभे राहिले. राजा सोन्याचा पाचवा हिस्सा कर म्हणून घेई. यातील बरेचसे सोने व्यापाराद्वारे इंग्लंडकडे गेले. व्यापाराचा भार दक्षिणेकडे झुकल्याने १७६३ मध्ये राजधानी साल्व्हादोरहून रीओ दे जानेरो येथे नेण्यात आली. खाणी आटत असता थकलेल्या कराच्या वसुलीच्या धास्तीने १७८९ मध्ये मीनास झिराइस येथे स्वातंत्र्याचा कट शिजला. तो उघडकीस येऊन झुआकीं झुझे दा सिल्व्हा शाव्हियेर ऊर्फ तीरादेंतीस यास २१ एप्रिल १७९२ रोजी फाशी देण्यात आले.

साम्राज्य : नेपोलियनच्या सैन्याने पोर्तुगालवर चाल केल्याने पोर्तुगीज राजघराणे दरबारासह १८०८ मध्ये ब्राझीलला आले. बंदरे परकीय व्यापारास खुली झाली व १८१५ मध्ये ब्राझीलला पोर्तुगालच्या बरोबरीच्या राज्याचा दर्जा मिळाला. सहावा झुआऊँ राजा १८२१ मध्ये लिस्बनला परतल्यावर त्याचा मुलगा पेद्रू याने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. स्पॅनिश अमेरिका अनेक प्रजासत्ताकांत विभागली गेली. ब्राझील मात्र एकसंध राहून साम्राज्य बनला. १८३१ मध्ये पहिल्या पेद्रूने पदत्याग केला आणि त्याचा मुलगा दुसरा पेद्रू याची दीर्घ कारकीर्द (१८३१–८९) सुरू झाली. त्याच्या काळात लोहमार्ग, तारायंत्र व शिक्षणसंस्था यांची वाढ झाली. अर्जेंटिना व यूरग्वाय यांच्या साहाय्याने पॅराग्वायशी दीर्घ युद्धही (१८६४–७०) झाले.

या काळात कॉफी हे मुख्य पीक बनले. प्रथम रीओजवळील पाराईबा नदीचे खोरे व नंतर साऊँ पाउलूची तांबडी माती यांवर कॉफीचे मळे पसरले [→ कॉफी]. ब्रिटनच्या दडपणाखाली १८३१ मध्ये गुलामांच्या आयातीस बंदी करणारा कायदा झाला. पण तो कागदावरच राहिला. सप्टेंबर १८५० मध्ये आयात खऱ्या अर्थाने थांबविणारा कायदा झाला आणि त्याच महिन्यात भूमिविषयक कायदाही संमत झाला. त्यान्वये सरकारी पडीक जमीन यापुढे केवळ खरेदीनेच मिळू शकेल, असे ठरले. गुलामांचा ओघ थांबणार हे दिसत असताना, उद्याच्या मुक्त मजुराला फुकट जमीन मिळू नये, याची तरतूद अशा रीतीने आधीच झाली.

गुलाम मातांच्या अपत्यांना मुक्त ठरविणारा कायदा १८७१ मध्ये व साठ वर्षांवरील गुलामांना मुक्त करणारा कायदा १८८५ मध्ये झाला. पूर्वी स्वतः गुलामीत राहिलेले वकील लुईस गामा, लेखक व संसदपटू झुआकीं नाबूकू आणि अभियंता आंद्रे रेबोसास यांनी मुक्तीची चळवळ चालविली. दुसरीकडे गुलाम मळे सोडून मोठ्या संख्येने निघून जाऊ लागले. अखेर १३ मे १८८८ रोजी राजकन्या ईझाबेल हिने गुलामगिरी नष्ट करणाऱ्या कायद्यावर सही केली. पश्चिम गोलार्धातील गुलामगिरी रद्द करणारा हा शेवटचा देश होय. मुक्त झालेल्यांना जमीन द्यावी, असा नाबूकू व रेबोसास यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. जमीन, अवजारे वा शिक्षण यांपैकी काहीही मुक्तांच्या हाती पडले नाही. १८८१ च्या निवडणूक कायद्याने निरक्षरांना मतदारयादीबाहेर ठेवले होते व हे बंधन प्रजासत्ताकानेही चालू ठेवल्यामुळे त्यांना मतही नव्हते. मळ्यांवर त्यांच्या जागी इटली, स्पेन, पोर्तुगाल व १९०८ पासून जपान येथून मजूर आणण्यात आले. १८९० मध्ये अर्थमंत्री रूई बार्बोझा याने गुलामांच्या मालकीविषयीचे कोषागारातील दप्तर जाळण्याचा हुकूम दिला. मळेवाल्यांना नुकसानभरपाई मागता येऊ नये, असा त्यामागील एक हेतू सांगितला जातो; परंतु असंख्य कुटुंबांच्या पूर्वजांचा मागोवाही त्यामुळे दुरापास्त झाला.

प्रजासत्ताक : नाराज मळेवाले व लष्करी अधिकारी यांच्या पाठिंब्याने १५ नोव्हेंबर १८८९ रोजी मार्शल देओदोरू दा फोंसेका याने राजेशाही बरखास्त केली. साऊँ पाउलूचे कॉफीचे मळेवाले व मीनास झिराइसचे जमीनदार यांनी १९३० पर्यंत सत्ता बव्हंशी आपसांत वाटून घेतली. ग्रामीण प्रजेच्या दुःस्थितीचे दारुण दर्शन कानूदूश येथे घडले. बाईआच्या अंतर्भागात आंतोन्यू कोंसेल्येरू या धर्मोपदेशकाभोवती दुष्काळग्रस्तांची मोठी वसाहत जमली होती. ती राजनिष्ठांचे बंड समजून सैन्याने चार मोहिमांनंतर ऑक्टोबर १८९७ मध्ये उद्ध्वस्त केली. या युद्धाचे वार्तांकन करणाऱ्या एउक्लीदीस दा कून्या याने १९०२ मध्ये ऊश सेर्तोइंश हा ग्रंथ लिहून सुशिक्षित ब्राझीलला त्याच्याच अंतर्भागाची ओळख करून दिली.

याच सुमारास ॲमेझॉनमध्ये रबराची तेजी होती. मानाऊस येथे १८९६ मध्ये भव्य नाट्यगृह उभे राहिले, तर रानात चीक गोळा करणारा मजूर व्यापाऱ्याच्या कर्जातून कधी सुटत नसे. हेन्री विकॅम या इंग्रजाने १८७६ मध्ये नेलेल्या बियांपासून आशियात मळे तयार झाल्यावर १९१२ नंतर ही तेजी ओसरली [→ रबर]. कॉफीचेही अतिउत्पादन होत होते. १९२९ च्या महामंदीत भाव कोसळले व पुढील वर्षांत लाखो पोती कॉफी जाळावी लागली.

या अरिष्टातून १९३० मध्ये झेतूल्यू व्हार्गस सत्तेवर आला. १९३७ पासून १९४५ पर्यंत त्याने हुकूमशाही चालविली. त्याच्या कारकीर्दीत स्त्रियांना मताधिकार (१९३२), कामगार कायद्यांची संहिता (१९४३) व व्होल्ता रेदोंदा येथील पोलाद कारखाना या गोष्टी साध्य झाल्या. मात्र कामगार कायद्यांचे संरक्षण शेतमजुरांना व घरकाम करणाऱ्यांना बव्हंशी मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्राझीलचे सु. २५,००० सैनिक इटलीत लढले. व्हार्गस १९५१ मध्ये निवडून येऊन पुन्हा अध्यक्ष झाला. पेत्रोब्राश हे सरकारी तेलमहामंडळ १९५३ मध्ये त्यानेच स्थापिले. राजीनाम्याच्या दडपणाखाली २४ ऑगस्ट १९५४ रोजी त्याने आत्महत्या केली.

जुसेलीनू कूबीचेक (अध्यक्ष १९५६–६१) याने मोटारउद्योग व रस्ते यांना चालना दिली. किनाऱ्याला चिकटलेल्या राष्ट्राने अंतर्भागाकडे वळावे, या हेतूने मध्यवर्ती पठारावर लूस्यू कोस्ता याच्या आराखड्यानुसार व ऑस्कार नीमायर याच्या वास्तुरचनांनी नवी राजधानी ब्राझीलिया उभारण्यात आली. २१ एप्रिल १९६० रोजी तिचे उद्‌घाटन झाले. ती बांधणारे मजूर मुख्यतः ईशान्येतून आले होते. नियोजित नगरीत त्यांना जागा नव्हती व ते भोवतालच्या उपनगरांत स्थिरावले.

अध्यक्ष झुआऊँ गूलार्त याने जमीनसुधारणा जाहीर केल्यावर १९६४ च्या मार्च अखेरीस लष्कराने त्यास पदच्युत केले. १९८५ पर्यंत टिकलेल्या लष्करी राजवटीने १९६८ च्या हुकुमान्वये नागरी हक्क स्थगित केले. १९६८–७३ मध्ये आर्थिक वाढीचा दर वर्षास सरासरी १० टक्क्यांच्या आसपास होता. पण तिचा लाभ विषम वाटला गेला आणि परकीय कर्ज वाढले. राष्ट्रीय सत्य आयोगाने २०१४ मध्ये या राजवटीशी निगडित ४३४ मृत व बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. ‘भूमिहीन माणसांना माणूसविहीन भूमी’ अशा धोरणाने १९७० मध्ये ॲमेझॉनपार महामार्गाचे काम सुरू झाले. ती भूमी वस्तुतः माणूसविहीन नव्हती. मूळ जमातींत साथी पसरल्या आणि वसाहतकऱ्यांच्या मागोमाग गुरांचे मोठे कळप आले. रबराची झाडे राखण्यासाठी चीक काढणाऱ्यांना संघटित करणारा शीकू मेंदीस याचा २२ डिसेंबर १९८८ रोजी आक्री राज्यात खून झाला.

१९८५ मध्ये नागरी राजवट आली व त्याच वर्षी निरक्षरांना मताधिकार परत मिळाला. ५ ऑक्टोबर १९८८ च्या संविधानाने मूळ रहिवाशांचा पारंपरिक भूमीवरील व किलोंबूंच्या वारसांचा त्यांच्या जमिनीवरील हक्क मान्य केला. अतितीव्र चलनवाढ १९९४ च्या ‘रेआल’ या नव्या चलनाने आटोक्यात आली. त्या योजनेचे प्रवर्तक फेर्नांदू एंरीकी कार्दोझू १९९५ ते २००२ अखेर अध्यक्ष होते. मूळचे धातुकामगार असलेले लूईझ इनास्यू लूला दा सिल्व्हा यांनी २००३ ते २०१० अखेरच्या आपल्या कारकीर्दीत मुलांची शाळा व लसीकरण यांच्या अटीवर गरीब कुटुंबांस मासिक साहाय्य देणारी योजना सुरू केली. दिल्मा रूसेफ या पहिल्या महिला अध्यक्षांना २०१६ मध्ये महाभियोगाने पदच्युत करण्यात आले. झाईर बोल्सोनारू (२०१९–२२) यांच्यानंतर लूला पुन्हा अध्यक्ष झाले. ८ जानेवारी २०२३ रोजी पराभूत पक्षाच्या समर्थकांनी संसद, सर्वोच्च न्यायालय व अध्यक्षीय प्रासाद यांवर हल्ला केला; तथापि निर्वाचित शासन टिकून राहिले.

आर्थिक स्थिती : कॉफी, ऊस, संत्री व सोयाबीन यांच्या उत्पादनात ब्राझील जगात अग्रेसर आहे. सेरादूच्या आम्ल मृदेत चुना घालून तेथे सोयाबीन पिकविण्याचे तंत्र सरकारी कृषिसंशोधन संस्थेने (स्थापना १९७३) विकसित केले व ओसाड गणले गेलेले पठार धान्याचे कोठार बनले. गुरांची संख्या २३ कोटींहून अधिक (२०२२) म्हणजे माणसांपेक्षा जास्त आहे. लोहखनिज, बॉक्साइट, मँगॅनीज व सागरतळाखालील खनिज तेल विपुल आहे. मोटारी, विमाने, पोलाद व उसापासूनचे इंधन-अल्कोहॉल ही प्रमुख औद्योगिक उत्पादने होत. २०१७ च्या कृषिगणनेनुसार १,००० हेक्टरांहून मोठ्या शेतांची संख्या एकूण शेतांच्या सु. एक टक्का असून त्यांच्याकडे जवळजवळ निम्मी शेतजमीन आहे.

लोक व समाजजीवन : २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःस मिश्रवर्णीय, ४३.५ टक्के लोकांनी गोरे व १०.२ टक्के लोकांनी काळे म्हणून नोंदविले. मूळ रहिवासी सु. १७ लाख आहेत. समाजशास्त्रज्ञ झिल्बेर्तू फ्रेइरी याने १९३३ मध्ये वर्णसंकरातून घडलेल्या ब्राझीलचा गौरव केला. त्यातून देशात वर्णभेद नाही, ही समजूत दृढ झाली. परंतु उत्पन्न, शिक्षण व न्याय यांबाबतची आकडेवारी या समजुतीस पुष्टी देत नाही. २०१२ च्या कायद्याने संघीय विद्यापीठांत सरकारी शाळांतील, त्यांत काळ्या, मिश्रवर्णीय व मूळ रहिवासी, विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या. बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक (५६.७ टक्के) असले, तरी प्रॉटेस्टंट इव्हँजेलिकल पंथीयांचे प्रमाण वाढून २६.९ टक्के झाले आहे. आफ्रिकन देवतांची उपासना कांदोंब्ले पंथात टिकून आहे. सांबा नृत्यसंगीत, कार्निव्हल व फुटबॉल ही राष्ट्रीय जीवनाची अंगे होत.

साहित्यात मुक्त गुलामांचा नातू असलेला कादंबरीकार माशादू दी आसीस (१८३९–१९०८) श्रेष्ठ मानला जातो. ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा (स्थापना १८९७) तो पहिला अध्यक्ष होय. साऊँ पाउलूच्या झोपडपट्टीत कागद वेचून गुजराण करणाऱ्या कारोलीना मारीया दी झेझूस हिची रोजनिशी १९६० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊन अनेक भाषांत गेली.

प्रमुख समस्या : जमीन व उत्पन्न यांची विषमता, शहरांतील ‘फाव्हेला’ वस्त्या, हिंसाचार व अरण्यनाश या देशापुढील मुख्य समस्या आहेत. सु. ८७ टक्के लोक नागरी भागांत राहत असून १.६४ कोटी लोक फाव्हेलांत आहेत (२०२२). ॲमेझॉनमधील वृक्षतोड २००४ मध्ये सु. २७,८०० चौ. किमी. होती. उपग्रहांद्वारे टेहळणी व संरक्षित क्षेत्रे यांमुळे ती २०१२ पर्यंत सु. ४,६०० चौ. किमी. इतकी घटली, २०२१ मध्ये पुन्हा १३,००० चौ. किमी.पर्यंत वाढली व त्यानंतर उतरली. अरण्यनाश अटळ नसून शासनाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून आहे, असे या चढउतारांवरून दिसते. मूळ रहिवाशांच्या जमिनींची हद्दनिश्चिती आणि भूमिहीनांच्या चळवळीच्या (स्थापना १९८४) मागण्या हे वादाचे विषय आहेत.

भारताशी संबंध : ब्राझील व गोवा हे एकाच साम्राज्याचे भाग होते. साऊँ व्हिसेंतीचा संस्थापक मार्तीं आफाँसू द सोझा पुढे १५४२–४५ मध्ये गोव्यास पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. गोव्याहून परतणारी जहाजे साल्व्हादोर बंदरात थांबत. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणलेला काजू गोवा व कोकणात रुजला. ‘काजू’ व ‘अननस’ हे मराठी शब्द तुपी-ग्वारानी भाषांतून पोर्तुगीजमार्गे आले आहेत. उलटपक्षी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मीनास झिराइसच्या पशुपालकांनी भारतातून गीर, कांक्रेज व ओंगोल जातींची गुरे नेली. ‘नेलोर’ या नावाने ओळखली जाणारी ओंगोल गुरेच आज ब्राझीलच्या मांसोत्पादक कळपांत बहुसंख्य आहेत.

महत्त्वाची स्थळे : रीओ दे जानेरोचे निसर्गरम्य बंदर, इग्वासूचा धबधबा, साल्व्हादोरचे जुने नगर, ओरू प्रेतूची चर्चे व तेथील आलेझादीन्यू या शिल्पकाराच्या कलाकृती आणि ब्राझीलियाची आधुनिक वास्तुशैली ही पर्यटकांची आकर्षणे होत. रीओ येथील व्हालोंगू धक्का १८११ मध्ये गुलाम उतरविण्यासाठी बांधण्यात आला. १८४३ मध्ये सम्राज्ञीच्या स्वागतार्थ त्यावर नवा धक्का बांधून तो झाकण्यात आला व पुढे भराव पडून विस्मृतीत गेला. २०११ मध्ये बंदरविकासाच्या कामात त्याचे मूळ दगड पुन्हा उघडे झाले व २०१७ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. किलोंबूंच्या वारसांची स्वतंत्र गणना २०२२ च्या जनगणनेत प्रथमच करण्यात आली. त्यांची संख्या १३ लाखांहून अधिक भरली.